थांबणाऱ्यांचा वाटा

पिपरटोल्यातल्या चोवीस जणांपैकी बारा जणांना जळलेले पंखे आणि पाण्याच्या मोटरी भरायला, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायला शिकवायचं, आणि उरलेल्या बारा जणांना काहीही शिकवायचं नाही, एवढं साधं काम होतं. पहिला भाग प्रशिक्षण केंद्राचे मास्तर करणार होते. दुसरा माझ्याकडे होता.

मी अर्थशास्त्रात एम.ए. आहे. हे वाक्य मी मूलमध्ये, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावात, फारसं वापरत नाही, कारण त्यानंतर लोक "मग सध्या काय?" असं विचारतात. सध्या मी पुण्याच्या एका संस्थेसाठी मूल्यमापन करतो. म्हणजे कोणीतरी कुठेतरी रोजगाराचं प्रशिक्षण सुरू करतं, त्यावर पैसे घालतं आणि मग एके दिवशी त्याच्या मनात येतं, की याचा खरंच उपयोग होतो का. ही शंका फेडायला आम्ही. आमची पद्धत शास्त्रीय आहे. शिकलेल्या माणसाची कमाई वाढली, तर ती शिकल्यामुळे वाढली की त्या वर्षी धान बरं झालं म्हणून वाढली, हे नुसतं त्याच्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी अगदी तसाच, पण न शिकलेला दुसरा माणूस शेजारी उभा करावा लागतो. दोघांत जो फरक दिसेल तो प्रशिक्षणाचा परिणाम. आणि कोण शिकणार, कोण थांबणार हे नशिबावर सोडावं लागतं. नाहीतर चटपटीत माणसं सगळी शिकायच्या रांगेत घुसतात, आणि त्यांच्या चटपटीतपणाचं श्रेय प्रशिक्षण घेऊन जातं.

हे सगळं मी घरी जेवताना समजावून सांगितलं. बापूजी, म्हणजे माझे वडील, तांदळाच्या मिलमध्ये मुनीम आहेत. त्यांनी घास संपवला.

"म्हंजे अर्ध्या लोकाइले शिकवाचं नाई," ते म्हणाले, "आन ते शिकले नाई हे पाहाचा तुले पगार भेटते."

"तसं नाही, बापूजी."

"मंग कसं?"

मी विचार केला. तसंच होतं.

आमच्या शेजारी सुरेंद्रभाऊ राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सल्ल्याच्या क्षेत्रात आहेत. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण भिंत तशीच बांधलेली आहे. "चिठ्ठ्या काढाच्या असन तर घडी सारखी पायजे," ते म्हणाले. "एक घडी जाड झाली का लोकं कोर्टात जाते. आन डबा काचेचा घे. पारदर्शकता दिसली पायजे." एवढं बोलून ते थांबले असते तर बरं होतं. पण ते आत गेले आणि लोणच्याची रिकामी बरणी धुऊन घेऊन आले.

पिपरटोला मूलहून गडचिरोलीकडे जाताना आत वळल्यावर लागतो. गावाला मोठं तळं आहे आणि गाव त्या तळ्यावर जगतं. मासे, धान, उरलेल्या दिवसांत मजुरी. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष ताराबाई. त्यांनी समाजमंदिरात सगळ्यांना जमवलं होतं. मी नशीब या विषयावर छोटंसं भाषण केलं आणि बरणीत हात घातला. बाहेर आलेल्या चिठ्ठीला आणखी तीन चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. चारही चिठ्ठ्यांना मोहरीचा वास होता. एकावरचं नाव तेलाने दुसरीवर उमटलं होतं, त्यामुळे एका माणसाचं नशीब दोनदा निघालं.

ताराबाईंनी एक चिठ्ठी हुंगून पाहिली. मग म्हणाल्या, "भाऊ, ठेवा ते लोनचं बाजूले. आमची पद्धत हाय."

पद्धत अशी. तळ्यात जाळं ओढलं की काठावर मासोळीचे सारखे ढीग लावतात. सोनीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई ढिगांकडे पाठ करून बसतात. कोणीतरी एका ढिगावर हात ठेवून विचारतं, "हा कोनाचा?" सोनीबाई न बघता एक नाव घेतात. ढीग त्याचा. मागे भांडण नाही, कारण भांडायचं तर सोनीबाईंच्या पाठीशी भांडावं लागेल. आम्ही ढिगांऐवजी दगड ठेवले. मोठा दगड म्हणजे शिकणार, लहान म्हणजे थांबणार. सोनीबाईंनी एका बैठकीत चोवीस नावं घेतली, मध्ये एकदा तंबाखू मळली, आणि विषय संपला.

मी ते सगळं चित्रित करून आमच्या मुख्य संशोधक माधवी मॅडमना पुण्याला पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. "निकेश, हे अप्रतिम आहे. इतकं शुद्ध यादृच्छिकीकरण मी परिषदेतसुद्धा पाहिलेलं नाही." तो शब्द मला अजून एका दमात म्हणता येत नाही, पण त्या दिवशी मी तो कमावला होता.

एक बारीकशी शंका मात्र तिथेच निघाली होती. ताराबाईंनी विचारलं, "शिकनाऱ्याइचा वाटा समजला. थांबनाऱ्याइचा वाटा काय?"

"मी दर महिन्याला येऊन त्यांना प्रश्न विचारणार."

"आन त्याइनं उत्तर देल्यावर?"

"मी धन्यवाद म्हणणार."

ताराबाईंनी सोनीबाईंकडे पाहिलं. सोनीबाईंची पाठ अजून आमच्याकडेच होती. "अस्सं," ताराबाई म्हणाल्या. मला वाटलं त्यांना पटलं. आमच्या क्षेत्रात याला गृहीतक म्हणतात.

लहान दगड आलेल्यांत ललिता होती. ताराबाईंच्या भावाची मुलगी, बारावी झालेली. गडचांदूरकडच्या एका कारखान्यात मोटर दुरुस्तीच्या कामाला मुली घेतात असं ऐकून ती तिथल्या फाटकापर्यंत जाऊन आली होती. फाटकावरच्या माणसाने सांगितलं, शिकल्याचं प्रमाणपत्र आणा. तेवढ्यासाठी तिने अर्ज भरला होता. बाकीचे निघाले तरी ती थांबली.

"सर, थांबाचं म्हंजे कितीक?"

"वर्षभर. मग दुसरी तुकडी तुमचीच."

"नक्की?"

"फरक दिसला तर."

"कोनता फरक?"

"त्यांच्यात आणि तुमच्यात. त्यांना जे येतं ते तुम्हाला येत नाही असं दिसलं, की प्रशिक्षण उपयोगी ठरतं. मग दुसरी तुकडी मंजूर."

तिने हे मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. "म्हंजे मले वर्षभर काई नाई आलं पायजे, तवा मले शिकवान."

"बरोबर," मी म्हणालो. माझं इतकं नेमकं आकलन त्याआधी कोणी केलं नव्हतं.

मग पूर्वपाहणी. शिकण्याआधी कोण किती कमावतं, हे नोंदवायचं. पण गावात कोणीतरी सांगितलं होतं की उत्पन्न कमी सांगितलं की योजना लवकर लागते. मी जी उत्तरं घेऊन आलो, त्यांच्यानुसार हे गाव गेल्या उन्हाळ्यातच उपाशी मेलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, असं चालणार नाही, सरकारी दाखले आणा. मी दाखल्यांच्या खिडकीवर गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, अर्जदार स्वतः पाहिजे. अर्जदार नेले, तर सर्व्हर बंद. सर्व्हर सुरू झाला, तर अर्जदार तळ्यात. शेवटी दाखले मिळाले. चोवीसही दाखल्यांवर उत्पन्न एकच होतं, रुपयाचाही फरक नव्हता. मी विचारलं, असं कसं? गृहस्थ म्हणाले, "आमच्याइथी हाच आकडा चालते."

मॅडमना हे सांगायला मी घाबरत होतो. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "दोन्ही गट सुरुवातीला तंतोतंत सारखे. निकेश, असा समतोल आयुष्यात एकदाच मिळतो."

वर्ग सुरू झाले. समाजमंदिरात टेबलं लागली, तांब्याच्या तारेची रिळं आली. हजेरीला अंगठ्याचं यंत्र होतं, त्यामुळे एकाच्या नावावर दुसरा बसण्याची सोय नव्हती. मी निर्धास्त होतो. पहिल्या महिन्याच्या शेवटी प्रश्नावली घेऊन थांबणाऱ्यांकडे गेलो. पहिलं घर पोचूचं. पोचू अंगणात बसला होता.

"या महिन्यात काय काम केलं?"

"तळ्यावर गेलो. धान कापाले गेलो. आन दोन पंखे भरले."

मी पेन थांबवलं. "तू थांबणारा आहेस, पोचू."

"हो ना. थांबूनच भरले. घाई नाई केली."

मी दुसऱ्या घरी गेलो. तिथे पाण्याची मोटर उघडून ठेवली होती. तिसऱ्या घरी मला चहा मिळाला आणि गुंडाळी घट्ट का बसवावी यावर माहिती मिळाली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. वर्ग सुटला की शिकणारा प्रत्येक जण एका थांबणाऱ्याच्या ओसरीवर जात होता आणि दिवसभरात शिकलेलं सगळं तिथे उतरवून मग घरी जात होता. कोणी कोणाकडे जायचं हे सोनीबाईंनी पाठ करून ठरवलं होतं.

मी ताराबाईंकडे गेलो. आवाज शक्य तेवढा शास्त्रीय ठेवला. "ताराबाई, हे चालत नाही. ज्याला मिळालं त्याने ते स्वतःजवळ ठेवायचं असतं."

"काऊन?"

"फरक दिसावा म्हणून."

"भाऊ, जो पान्यात उतरला त्याचाच मासा, असं आमच्याइथी नसते. काठावर बसले त्याइचाबी वाटा निंगते. कोनाले ताप असते, कोनाची बाई बाळंतीन असते. आज तो काठावर, उद्या मी." त्यांनी जाळ्याची एक गाठ सोडवली. "थांबनाऱ्याइले निस्ते प्रश्न, हे तुमी बोलले. गावानं नाई बोललं."

त्यातही ललिता सगळ्यांच्या पुढे गेली होती. तिचा पंखा मास्तरांनी भरलेल्यापेक्षा कमी आवाज करतो असं पोचू म्हणाला. शिकणारे दिवसभर वर्गात अडकलेले, त्यामुळे त्यांची कमाई बुडत होती. थांबणारे दिवसा मासे धरत होते आणि रात्री पंखे भरत होते. माझ्या तक्त्यानुसार प्रशिक्षणाचा परिणाम शून्याच्या खाली गेला होता. आणखी चार महिने प्रशिक्षण दिलं असतं तर शिकलेली माणसं कर्जबाजारी झाली असती.

मॅडमना मी "थोडी गळती आहे" असं कळवलं.

"किती जणांत?"

"बारा."

"बारापैकी किती?"

"बारा."

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी सांगितलं, की तुलनेसाठी राखीव म्हणून एक असं गाव शोध जिथे या गावचं कोणी जात नाही, येत नाही, सोयरीक नाही. मी सुरेंद्रभाऊंना विचारलं. त्यांनी नकाशावर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्याही पुढे जंगलात बोट ठेवलं. "इथी तर मीबी कधी गेलो नाई," ते म्हणाले, आणि हेच प्रमाण त्यांना पुरेसं वाटलं.

गडचिरोलीहून निघालेली एसटी मला फाट्यावर सोडून गेली. पुढे पायी. गाव गोंड लोकांचं, थोडी शेती, बाकी मोह, तेंदू, बांबू. तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोणी झाडाचं पान मोजत नाही, मग माणसं तर दूरच. ग्रामसभेचे अध्यक्ष इसरूभाऊ. निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतो. एक जण जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसायचं. मी दुपारी बोलायला उभा राहिलो आणि अंधार पडायच्या वेळेला त्यांना माझं काम समजलं, असं मला वाटलं. मग सुकरीबाई बोलल्या. वयस्क, हातात बांबूची कामटी, तासत होत्या.

"याच्यात आमी का कराचं?"

"काहीच नाही. काहीच न करणं हेच तुमचं काम."

"ते तं आमी आताबी करून राह्यलो. त्याले तुमी कायले पायजे?"

सभा हसली नाही. सभेने हा मुद्दा गंभीरपणे घेतला, हे जास्त वाईट होतं. शेवटी दोन अटी ठरल्या. निकाल काय लागतो ते सगळ्यांच्या आधी इथे येऊन सांगायचं. आणि ग्रामसभेच्या भातगिरणीची मोटर जळाली होती, तेवढी करून द्यायची.

"मोटर मी नाही करत," मी म्हणालो. "मी मोटर करणाऱ्यांचं मूल्यमापन करतो."

"घरोघर मोटरीचंच विचारत फिरता म्हने," इसरूभाऊ म्हणाले. "आन मोटर येत नाई?"

हे ते टोमण्याने म्हणाले नाहीत, खरंच विचारलं. म्हणूनच लागलं. मी पिपरटोल्याच्या ओसऱ्यांवर इतका बसलो होतो की तार कशी गुंडाळतात ते मला पाठ होतं. पुढच्या खेपेला तार घेऊन गेलो आणि दोन दिवस बसून ती मोटर भरली. बटण दाबलं. मोटर सुरू झाली, आवाज उत्तम, दिशा उलटी. कोंडा बाहेर जायच्या ऐवजी आत यायला लागला आणि मी ज्या बाजूला उभा होतो तिकडेच आला. इसरूभाऊंनी यंत्र बंद केलं, पट्ट्याला एक पीळ दिला, आणि गिरणी सुलट चालली. मी अंगावरचा कोंडा झटकत फाट्यावर आलो. एसटी गेलेली होती.

इकडे देणगीदार मंडळींचं पत्र आलं. त्यांना राखीव गाव वगैरे नको होतं. करारात थांबणारा गट लिहिलाय, त्याच्याशीच तुलना करा. मे महिन्यात मुंबईहून साहेब येतील, दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला एक जळका पंखा दिला जाईल. ज्यांनी भरला ते पास. फरक दिसला तर दुसरी तुकडी, नाहीतर केंद्र बंद.

मी ते ताराबाईंना वाचून दाखवलं. समाजमंदिराच्या पायरीवर सगळेच बसले होते.

"म्हंजे आता या बारा जनाइनं नापास व्हाचं," ताराबाई म्हणाल्या. "तं दुसरी तुकडी भेटन."

"मी असं काही म्हणालो नाही," मी म्हणालो. माझं पद बघता हे म्हणणं भाग होतं.

"तुमी नाई. मी म्हनून राह्यली."

पण नापास होणं सोपं नव्हतं. पोचूने मुद्दाम चुकीचा पंखा भरायचा प्रयत्न केला. तार जळाली. ताराबाई खवळल्या. तांब्याची तार जाळणं त्यांच्या दृष्टीने मासोळी पायाखाली तुडवण्यासारखं होतं. चूक अशी हवी की पंखा तर बिघडला पाहिजे, पण काही जळायला नको. शिकलेल्यांना अशी चूक माहीत नव्हती. मास्तरांनी त्यांना बरोबर तेवढंच शिकवलं होतं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. जंगलातल्या गिरणीची हकीगत मीच एकदा फुशारकीत सांगितली होती, शेवटचा भाग वगळून. शेवटचा भाग तिकडच्या लोकांकडून ऐकून एसटीच्या कंडक्टरने पोचवला होता.

"सर," पोचू अदबीने म्हणाला, "तुमी जे केलं होतं ते आमाले शिकवा ना."

सहा वर्षं विद्यापीठात घालवल्यावर मला पहिल्यांदाच कोणी शिकवायला बोलावलं होतं. मी नाही म्हणू शकलो नाही. दोन तारांची टोकं अदलाबदल करायची, एवढंच. पंखा गोड फिरतो, पण हवा खाली यायच्या ऐवजी वर जाते. अकरा जणांना एका संध्याकाळी जमलं. माझी शिकवण्याची हातोटी चांगली आहे असं सोनीबाई म्हणाल्या.

ललिताला जमेना. ती टोकं उलटी जोडायची, मान तिरकी करून बघायची, आणि हात आपोआप जाऊन ती सुलट करायचे.

"मले दिसते ना सर ते," ती म्हणाली. "डोळ्याले टोचते."

"तुझ्याच प्रमाणपत्राचा प्रश्न आहे."

"मालूम हाय. म्हनून तं बसली हो." आणि तिने पुन्हा टोकं उलटी केली, आणि पुन्हा सुलट केली.

चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना परीक्षेला योग्य नाही. कोणत्याच गोष्टीला योग्य नाही. तळ्याकाठी मांडव घातला, आडव्या बांबूला पंखे टांगायची सोय केली, वर रंगीत कागदाच्या पताका. साहेब आले, सोबत माधवी मॅडम. सकाळी शिकलेल्यांचे पंखे लागले. वारा सुटला. साहेब खूश झाले. जेवणानंतर थांबलेल्यांची पाळी. बारा पंखे टांगले, बटण दाबलं. बाराही फिरले.

साहेब पहिल्या पंख्याखाली बसले. घाम पुसला. वर पाहिलं. पंखा झकास फिरत होता. पताका आभाळाकडे उभ्या राहून फडफडत होत्या. साहेबांनी खुर्ची दुसऱ्या पंख्याखाली ओढली. मग तिसऱ्या. मॅडमही मागोमाग. असे ते दोघं सगळ्या ओळीखालून गेले आणि कडेच्या पंख्याखाली येऊन एकदम थांबले. साहेबांचे केस उडाले. हळूहळू मांडवातल्या सगळ्या खुर्च्या तिथे गोळा झाल्या. पोचूसुद्धा आपल्या पंख्याखालून उठून तिथे जाऊन बसला.

"हवा इथेच का येते आहे?" साहेब म्हणाले.

मॅडमनी ओळीतले पंखे बोटाने मोजले. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "निकेश, उलटा पंखा फिरवायलाही पंखा भरता यावा लागतो. आणि अकरा पंखे एकसारखे उलटे फिरवायला शिक्षक लागतो."

मी पताकांकडे बघितलं.

"हा पंखा कोणी भरला?" साहेबांनी विचारलं.

ललिता पुढे आली. ताराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की मी असतो तर तळ्यात उतरलो असतो. "मले नाई जमलं, आत्या," ती म्हणाली. "सकाळपासून करून राह्यली होती."

"तू तर न शिकलेल्या गटातली," साहेब म्हणाले. "तुला कोणी शिकवलं?"

"वाट्याले आलं, साहेब."

मग ताराबाई बोलल्या. लपवण्यासारखं आता उरलं नव्हतं. ढीग, पाठ, ओसऱ्या, सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडत गेला आणि मॅडमचा उजळत गेला. त्यांनी माझ्याच पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. "आपण माणूस मोजत होतो. गाव मोजायला हवं होतं. एकाच्या खर्चात दोघं शिकले आहेत. तुलनेला तसंच, पण न शिकलेलं गाव घेतलं की परिणाम दुप्पट दिसेल."

"असं गाव आहे?" साहेबांनी विचारलं.

"वैनगंगेपलीकडे. निकेशने राखून ठेवलंय."

"तिथे नक्की कोणी काही शिकलेलं नाही?"

मला खरं सांगावं लागलं. "एक मोटर भरली गेली आहे. मी भरली."

"आणि?" मॅडम म्हणाल्या.

"उलटी फिरते."

"मग हरकत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्या गावासमोर 'शुद्ध' असं लिहिलं.

अशा रीतीने कार्यक्रम वाचला. साहेबांनी दुसरी तुकडी तिथल्या तिथे मंजूर केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावर त्यांनी वाक्य पूर्ण केलं. पिपरटोल्यात आता शिकायचं कोणी उरलेलं नसल्यामुळे तुकडी त्या जंगलातल्या गावाला मिळेल.

मांडव उतरवताना ललिता माझ्याजवळ आली.

"सर, पंखा उलटा भरला असता तं तुकडी इथी आली असती."

"बहुतेक."

"सुलटा भरला म्हनून केंद्र वाचलं."

"हो."

"आन माहा कागद?"

माझ्याकडे यावर प्रश्नावली नव्हती. ती बांबूवरून आपला पंखा सोडवायला लागली. गाठ सुटत नव्हती, आणि मला मदत करता येईल असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

अटीप्रमाणे निकाल सांगायला मी जंगलात गेलो. ग्रामसभेने सगळं ऐकलं. टक्केवारीत कोणाला रस नव्हता. सुकरीबाईंनी कामटी बाजूला ठेवून विचारलं, "जिच्या पंख्याचा वारा खाली आला, ते पोरगी का करते आता?"

मी सांगितलं.

अडचण अशी होती की मास्तर तिकडे यायला तयार नव्हते. तिथे अंगठ्याच्या यंत्राला रेंज नाही, आणि अंगठ्याशिवाय मास्तरांचा पगार निघत नाही. ग्रामसभा बसली, सगळ्यांची संमती झाली, ठराव झाला. आमाले शिकवाले तेच पोरगी पायजे. अशा भागात ग्रामसभेचा ठराव असेल तर शिकवणाऱ्याला नागपूरला प्रशिक्षकांच्या शिबिराला पाठवतात, आधीचं प्रमाणपत्र मागत नाहीत. ललिता गेली, आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र घेऊन परस्पर गडचांदूरच्या फाटकावर गेली. फाटकावरच्या माणसाने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. "हे शिकवन्याचं हाय," तो म्हणाला. "शिकल्याचं आना."

ती परत आली आणि ग्रामसभेपुढे उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या यादीत बाराव्या जागेवर इसरूभाऊंचं नाव होतं, पण त्यांना जवळचं दिसत नाही. त्यांनी जागा सोडली. पुन्हा बैठक, पुन्हा सगळ्यांची संमती. तेव्हापासून ललिता आपल्याच वर्गात विद्यार्थी आहे. सकाळी हजेरी घेते, शेवटी स्वतःचं नाव पुकारते, दोन पावलं मागे जाऊन हजर म्हणते आणि खूण करते. तुकडी संपली की शिकल्याच्या कागदावर शिकवणाऱ्याची सही ती करणार आहे. मी नियम दोनदा वाचले. याला मनाई करणारं कलम लिहायचं कोणाला सुचलेलं नाही.

मी दर महिन्याला जातो. शिकणाऱ्यांसाठी एक प्रश्न ठरलेला आहे, शिकवणाऱ्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का. परवा बाराव्या क्रमांकाला तो विचारावा लागला. ललिताने हातातली तार खाली ठेवली आणि दारातून एकदा बाहेर पाहून घेतलं.

"बरी शिकवते," ती म्हणाली. "पन मांगं बसनाऱ्याइकडे ध्यान नाई तिचं."

मी तसं लिहून घेतलं आणि धन्यवाद म्हणालो.